आधी मोजून तरी बघितलंस का?

डिसेंबरात आठवडाभर घरून काम करायची परवानगी मिळाली, म्हणून गावी म्हणजे अंबाजोगाईला गेलो होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याहून गाडीत जे काय कोंबून आणलं होतं, त्यात माझा गिटारचा अॅम्प होता. नंतर मी पुण्याला परतलो, अॅम्प तिथेच राहिला. आता तो पुतण्याच्या ताब्यात आहे. आद्यकवी मुकुंदराजांच्या गावात इलेक्ट्रिक गिटार! शेजारच्या आजींच्या मते आमच्या घरी रोज संध्याकाळी कुणीतरी पत्रा कापतं. असो.

तर झालं असं, की या अॅम्पचा फूटस्विच बिघडला. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिटार वाजवताना दोन्ही हात अडकलेले असतात. मग साध्या आवाजावरून करकरीत आवाजावर जायचं, किंवा घुमारा चालू-बंद करायचा, तर पायच वापरावा लागतो. त्यासाठी जमिनीवर दोन बटणांची एक लोखंडी डबी ठेवतात, तिची वायर अॅम्पच्या मागे खोचतात. आमच्या डबीच्या आत जवळजवळ काहीच नाही. बॅटरी नाही, दिवे नाहीत, सर्किट नाही. दोन स्विच, तीन तारांची एक वायर आणि टोकाला पाव इंची स्टीरिओ पिन, बस्स. एक बटण पिनेचं टोक तिच्या दांड्याला जोडतं, दुसरं मधली कडी दांड्याला जोडतं. जोडलं गेलं की अॅम्पला कळतं, काय बदलायचं ते. घरातल्या ट्यूबलाइटच्या बटणाला जेवढी अक्कल असते, तेवढीच याला.

आणि ही एवढीशी वस्तू गाण्याच्या मध्येच आपल्या मनाने आवाज बदलायला लागली. पुतण्याचं कॉलेजचं गॅदरिंग सहा दिवसांवर आलेलं. सर्व्हिस सेंटरला फोन केला. उत्तर आलं, "सर, तो पार्ट रिपेअर होत नाही. पूर्ण युनिट बदलावं लागेल. ४,५०० रुपये, आणि सहा आठवडे थांबावं लागेल."

खरं सांगतो, मी 'पाठवून द्या' म्हणणारच होतो. अडलो ते फक्त सहा आठवड्यांमुळे.

मग रविवारी सकाळी मीच पेचकस घेऊन बसलो. चार स्क्रू काढले, डबी उघडली. स्विच जुना दिसत होता, दाबल्यावर जरा ढिलाही वाटला. झालं, गुन्हेगार सापडला! बाजारातून १५० रुपयांचा नवा स्विच आणला. जुना काढायला, नवा बसवायला दोन तास गेले, एक बोट भाजलं. लावून बघितलं तर चालला! मी आणि पुतण्याने टाळ्या दिल्या. दहा मिनिटांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता माझा धंदा काय, तर बग शोधणं. ज्युनियर पोरांना मी रोज सांगतो की बग आधी पुन्हा घडवून दाखवा, मगच कोडला हात लावा. एकदा चाललं म्हणजे दुरुस्त झालं, असं नसतं. आणि घरी मी काय केलं? अंदाजाने एक भाग बदलला, एकदा चालला आणि तिकीट बंद!

संध्याकाळी डबी घेऊन बसस्टँडजवळच्या एका मिस्त्रीकाकांकडे गेलो. भजनी मंडळांचे, लग्नातल्या बँडचे, देवळातले अॅम्प तीस वर्षांपासून त्यांच्याकडे येतात. मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी मान वर न करता विचारलं,

"आधी मोजून तरी बघितलंस का?"

"नाही काका."

"न मोजता बदलायलास व्हय?"

काकांनी मीटर बझरवर लावला. एक टोक पिनेच्या टोकाला, दुसरं दांड्याला. बटण दाबलं, मीटर वाजला. पुन्हा दाबलं, थांबला. म्हणजे स्विच ठणठणीत. मग बटण दाबलेलं ठेवून त्यांनी वायर हळूहळू हलवायला सुरुवात केली, डबीच्या बाजूने पिनेकडे. पिनेपासून दोन बोटांवर वायर वाकवली आणि बझर तुटला. सरळ केली, परत वाजला. वायरचं वरचं आवरण शाबूत होतं, आतली तार तुटली होती. एका मिनिटाचं काम. ('जुना स्विच टाकून दिलास का?' असंही त्यांनी विचारलं. सुदैवाने दिला नव्हता.)

पिन मोल्डेड होती, म्हणजे उघडता न येणारी. काकांनी ६० रुपयांची नवी स्टीरिओ पी-३८ पिन दिली आणि म्हणाले, घरी जाऊन तूच लाव.

लावली. तुटक्या जागेच्या पुढे वायर कापली, तिन्ही तारा सोलल्या, कोणत्या रंगाची तार डबीत कुठे जाते ते मीटरने बघून कागदावर लिहिलं. सोल्डर थेट आयर्नवर न वितळवता आधी जोड तापवला, म्हणजे ड्राय सोल्डर होत नाही. तिन्ही डाग एकदम चकचकीत आले. आणि मग लक्षात आलं, की पिनेचं टोपण वायरीत आधी ओवायचं राहिलं! सगळं काढून पुन्हा केलं. (ही चूक न करणारा माणूस मला अजून भेटायचाय. :-) ) शेवटी बझर लावून दहा मिनिटं वायर वाकवत बसलो. तुटला नाही. गॅदरिंग पार पडलं.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणाल, एक रविवार घालवला, तासाच्या पगाराचा हिशोब केला तर नवा स्विचच स्वस्त पडला असता. हिशोब बरोबर आहे. पण त्या ४,५०० रुपयांत मला काय मिळालं असतं? एक नवी डबी, जिची वायर पिनेपाशी रोज वाकून तिथेच तुटली असती. कारण बिघाड कुठे आहे हे मलाही माहीत नव्हतं आणि सर्व्हिस सेंटरलाही. 'पूर्ण युनिट बदला' हे बऱ्याचदा निदान नसतंच. निदान केलं नाही याची ती किंमत असते, आणि ती आपण भरतो.

गंमत म्हणजे मी ज्या जिल्ह्यातून आलोय, तिथे हे शिकवावं लागत नाही. बीडमध्ये विजेचा दाब कमी झाला की बोअरची मोटार जळते. जळालेली मोटार कुणी भंगारात टाकत नाही, 'भरायला' टाकतात. रिवाइंडिंगवाला जुनी तांब्याची तार काढतो, नवी गुंडाळतो, मोटार परत बोअरमध्ये जाते. परळीचं वीज केंद्र जिल्ह्यातच असूनही आमचं बालपण भारनियमनात गेलं, त्यामुळे स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर उघडलेले बघतच आम्ही मोठे झालो. त्याच घरातला मी, पुण्यात पंधरा वर्षं राहिल्यावर साठ रुपयांच्या पिनेसाठी साडेचार हजार द्यायला निघालो होतो.

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आता आपल्याकडेही आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं त्यात धरली. फ्रान्समध्ये तर २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापावे लागतात. हे सगळं हवंच. सुटे भाग मिळाले पाहिजेत, सर्किटची आकृती मिळाली पाहिजे, डिंकाने चिकटवण्याऐवजी स्क्रू लावले पाहिजेत.

पण आकृती मिळाली तरी ती वाचणारा माणूस कुठाय? काकांच्या दुकानात आता शिकाऊ पोरगा नाही. त्यांचा मुलगा पुण्यात आहे, माझ्यासारखाच लॅपटॉपसमोर. काका म्हणाले, नवीन मशीन येतात, उघडायला जागाच ठेवत नाहीत, आणि गिऱ्हाईकही 'नवीन घेतो' म्हणून निघून जातं. ते दुकान बंद झालं, तर हक्क पोर्टलवर राहील आणि भजनी मंडळाचा अॅम्प भंगारात जाईल. म्हणून माझं म्हणणं एवढंच: वस्तू बदलण्याआधी एकदा मोजा. स्वतःला येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडे न्या, आणि नुसतं निदान केलं तरी त्याचे पैसे द्या. (काकांनी माझ्याकडून फक्त पिनेचे घेतले. ती माझी चूक, पुढच्या खेपेला दुरुस्त करणार आहे.)

एक इशारा मात्र देतो. फूटस्विच उघडा, अॅम्प उघडू नका. फूटस्विचच्या वायरीत सहसा अगदी कमी व्होल्टेज असतं, तरी ती अॅम्पमधून काढूनच हात लावा. अॅम्पच्या आत, खास करून व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. तिथे काकांसारखाच माणूस हवा. आपल्याला काय येत नाही हे माहीत असणं, हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

पुतण्याने आता स्वतःचा मीटर घेतलाय. घरातली प्रत्येक वायर तो बझरला लावून बघतो. पुढचा नंबर मिक्सरचा आहे म्हणे. आईने आत्तापासूनच मिक्सर कपाटात ठेवून कुलूप लावलंय!