वाखरीहून चालणाराही वारकरीच

आषाढी जवळ आली की एक टोमणा हमखास ऐकू येतो. आळंदी-देहूपासून चालतो तो वारकरी आणि पंढरपूरजवळच्या वाखरीला येऊन शेवटचे सहा-सात किलोमीटर चालतो तो नुसता हौशा. या लोकांमुळे गर्दी होते, त्यांना दशमीला त्या रस्त्यावर येऊच देऊ नये, असेही काही जण सुचवतात. माझा या म्हणण्याला ठाम विरोध आहे.

वारीची रीत काय सांगते ते पाहा. संत नामदेवांची पालखी पंढरपुरातून निघते, वाखरीला जाऊन ज्ञानोबा-तुकोबांसह सगळ्या संतांना सामोरी जाते आणि त्यांना घेऊन गावात येते. मानाच्या सात पालख्यांतली ही एक, आणि तिची आषाढीची वाट एवढीच! पुढे इसबावीच्या बाजूला माउलींचा रथ वडार समाजाची माणसे हातांनी ओढतात. त्यांचा मानही याच टप्प्यावरचा. त्यांना अर्धे वारकरी म्हणायची कुणाची छाती आहे?

अडीच-तीन आठवडे घर सोडणे सगळ्यांना जमत नाही. आमच्या गल्लीतल्या एक मावशी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात. जून-जुलैत शाळा ऐन भरात असते, रजा मिळते ती दशमी-एकादशीची. त्या पहाटेच्या एसटीने पंढरपूर गाठतात, तिथून उलट वाखरीपर्यंत चालत जातात आणि मिळेल त्या दिंडीच्या मागे उभ्या राहतात. चपला पिशवीत, पिशवी काखेत, पदर खोचलेला. परतीच्या वाटेवर त्यांचे पाऊल टाळाच्या ठेक्यावर पडते तेव्हा त्या कुठून चालत आल्या हे शेजारची बाई विचारत नाही. आळंदीपासून चालत आलेल्या वारकऱ्यांना मी कधी असा हिशेब मांडताना पाहिलेले नाही; तो मांडतात बाहेरून बघणारे.

गर्दीचा त्रास खोटा नाही, पण तो पायी चालणाऱ्यांमुळे होत नाही. भर दिंडीत हॉर्न वाजवत घुसणाऱ्या मोटारी, तिघांना बसवून आलेल्या दुचाक्या, रस्त्यातच थाटलेली दुकाने यांनी वाट अडते. त्यामुळे दशमीला वाखरी ते पंढरपूर या वाटेवर रुग्णवाहिका, पाण्याचे टँकर आणि पालखीसोबतची वाहने सोडून एकही गाडी सोडू नये. पास असो वा नसो. ज्यांना नुसते पुढाऱ्यांसोबत मिरवायचे आहे त्यांनीही गाडी वाखरीच्या अलीकडे लावावी आणि चालत यावे. मावशींसारख्यांसाठी याच टप्प्यात पिण्याचे पाणी आणि बायकांची स्वच्छतागृहे वाढवावीत, एवढी प्रशासनाला विनंती आहे.

– एक वाचक, सांगोला