वाइनच्या जारमधलं खरबूज आपल्या शिवारातलं का नको?

एप्रिलची खरड छाटणी उरकत आली, ऊन चाळिशीला टेकलंय. अशात हा गडी वाइनवर काय लिहितोय असं काहींना वाटेल. पण विषय पिणाऱ्यांचा आहे तेवढाच पिकवणाऱ्यांचाही आहे.

आधी वाइन द्राक्षाची गोम सांगतो, ज्यांच्याकडे फक्त थॉमसन आहे त्यांच्यासाठी. शेनिन ब्लां, सोव्हिन्यॉं ब्लां, शिराझ या जातींचे मणी बारीक, बिया असलेले, साल जाड. मंडईत त्यांना कोणी विचारत नाही आणि बेदाणाही धड होत नाही. वाइनरीने माल उचलला तर पैसे, नाहीतर बाग नुसती उभी. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, आपल्या लोकांनी हौसेनं लागवडी केल्या. पुढं २००९-१० च्या सुमारास वाइन टाक्यांत पडून राहिली आणि कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, की बाटली खपली तरच टन उचलला जातो. एका ७५० मिलीच्या बाटलीत साधारण किलो-सव्वा किलो द्राक्ष जातं. हिशेब सोपा आहे.

आता आपल्याकडं वाइन का खपत नाही? माझं मत असं, की आपण ती चुकीच्या पद्धतीनं पाजतो. मार्च ते जूनच्या उकाड्यात कोमट, तुरट लाल वाइन पुढं ठेवली तर माणूस एक घोट घेतो आणि पुन्हा नाव काढत नाही. स्पेन-पोर्तुगालात ऊन काही कमी नाही. पण तिथं उन्हाळ्यात वाइनमध्ये संत्री, लिंबू, पीच कापून टाकतात आणि गार करून पितात. त्याला सांग्रिया म्हणतात. युरोपात नुसतं ‘सांग्रिया’ हे नाव लावून विकायचा हक्कच या दोन देशांच्या मालाला आहे, इतकं ते जपलंय. स्पेनमध्ये याहून सोपा प्रकार म्हणजे लाल वाइनमध्ये लिंबाचा सोडा. त्याचं नावच ‘उन्हाळ्याची लाल वाइन’ या अर्थाचं आहे. भारी बाटली त्यात कोणी घालत नाही, साधी स्वस्त वाइन लागते. आणि आपल्याकडं तुंबते ती हीच साधी वाइन.

म्हणून मी म्हणतो, नाशिकच्या उन्हाळ्याचा स्वतःचा जार असावा. आमच्याकडं पाहुणे आले की असा करतो:

एक बाटली गार शेनिन ब्लां. अर्धं खरबूज, फार पिकलेलं नको, नाहीतर लगदा होतो. दोन मोसंब्या पातळ चकत्या करून, बिया मात्र सगळ्या काढायच्या, बी राहिली की कडवटपणा उतरतो. गवती चहाची चार-पाच पाती कपभर पाण्यात खडीसाखर घालून उकळायची, गाळून पूर्ण गार करायची. वाइन, मोसंबी आणि हे पाणी स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात एकत्र करून दोन-तीन तास फ्रिजमध्ये. पितळेचं भांडं नको, वाइन आंबट असते, कळकते. खरबूज शेवटच्या अर्ध्या तासात. पुदिना वाढताना, तोही तळहातावर एकदा थापटून. कुटला की काळा पडतो आणि औषधासारखा लागतो. वरून अर्धा लिटर सोडा.

बर्फ घालायचा नाही. बर्फ वितळला की सगळं पाणचट होतं. त्याऐवजी हंगामात घडातून सुटलेले काळे मणी धुवून, कोरडे करून डीप फ्रीझरला ठेवायचे आणि तेच ग्लासात टाकायचे. हे सुटे मणी व्यापारी कोणत्या भावानं मागतो ते आपल्याला ठाऊक आहे.

कोकणातल्या मित्रांसाठी: रोझे वाइनमध्ये अमृत कोकम छान बसतं. आगळ नको, ते खारट असतं.

एक इशारा. १२ टक्क्यांची बाटली आणि अर्धा लिटर सोडा मिळून साधारण सात टक्के होतं, म्हणजे स्ट्राँग बिअरच्या जवळपास. गोड लागतं म्हणून सरबतासारखं पिऊ नका, आणि पिऊन गाडीला हात लावू नका. दारूनं गावात काय केलंय ते घराघरातल्या बायकांना विचारा. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा विरोध झाला, तो काही उगीच नव्हता. मी कोणाला प्यायला सांगत नाही. जे पितातच त्यांच्या ग्लासात काय असावं, एवढंच बोलतोय. न पिणाऱ्यांसाठी हाच जार द्राक्षरसात करा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची ‘मांजरी मेडिका’ ही रसाचीच जात आहे, गरसुद्धा लाल, रंग सुरेख येतो.

आता खरी तक्रार. मध्यंतरी एका वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये असाच जार मागवला. द्राक्ष आजूबाजूच्या शिवारातलं, पण जारमध्ये डब्यातलं फळ आणि बाटलीतलं पुदिन्याचं सिरप! बाहेर रस्त्याकडेला खरबुजाचे ढीग लागलेले. विचारलं तर उत्तर आलं, ‘सप्लाय रेग्युलर मिळत नाही, आणि फवारणीचं काय माहीत?’

पहिला मुद्दा बहाणा आहे. पाच-सहा शेतकरी एकत्र आले तर आठवड्याला चार क्रेट फळं आणि पुदिन्याच्या जुड्या पोचवणं अवघड नाही. आकारानं मार खाल्लेलं खरबूज कापल्यावर कोण ओळखतो?

दुसरा मुद्दा मात्र बहाणा नाही. मोसंबी सालीसकट वाइनमध्ये तासन्‌तास मुरते, आणि सालीत जे असतं ते अल्कोहोलमध्ये नुसत्या पाण्यापेक्षा जास्त उतरतं. वास उतरतो तसं बाकीचंही. निर्यातीच्या द्राक्षाला आपण शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस मोजतो, अवशेष तपासून घेतो. मोसंबी-पुदिन्याला मात्र ‘लोकलला चालतंय’. पुदिन्याचं तर आपण पानच खातो, आणि फवारा थेट पानावरच बसतो. वाइनरीला माल द्यायचा तर फवारणीची वही आणि प्रतीक्षा काळ द्राक्षासारखाच पाळावा लागेल, आणि त्याचे दोन पैसे जास्त मागायचा हक्कही आपला. कृषी सहायक मंडळींनी पुदिना आणि गवती चहासाठी साध्या मराठीत असं वेळापत्रक करून दिलं तर फार उपकार होतील.

मी स्वतः यंदा विहिरीकडेच्या चार सऱ्या पुदिन्याला ठेवल्यात. बिनफवारणीच्या. पुढच्या उन्हाळ्यात जोडीला कोण येतंय ते सांगा, चौघं जमलो की दोन-तीन वाइनऱ्यांकडे नमुना घेऊन जाऊ. फक्त एक अट, पुदिना पहाटेच कापायचा. दुपारी कापलेला गाडीत पोचेपर्यंत मान टाकतो.