विश्लेषण : कर्जमाफीची यादी चुकते कुठे?

शेतकरी कर्जमाफीबाबत ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे आश्वासन राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिले. निकष काय, रक्कम किती, यावर चर्चा भरपूर होते. यादी कोण आणि कशी तयार करणार, याबद्दल मात्र फारसे कोणी विचारत नाही. २०१७ चा अनुभव पाहता पहिला प्रश्न तोच असायला हवा.

२०१७ मध्ये काय झाले?

जून २०१७ मध्ये ३४ हजार २२ कोटींची, ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ देणारी योजना जाहीर झाली. ऐन दिवाळीत, १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रेही वाटली गेली. त्यानंतर याद्यांमध्ये एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे असल्याचे आढळले आणि याद्या संकेतस्थळावरून काढून घ्याव्या लागल्या. प्रमाणपत्र हातात, पण बँकेत कर्ज तसेच, अशी अवस्था अनेकांची झाली. खापर संगणक प्रणालीवर फुटले.

दोष प्रणालीचा की माहितीचा?

प्रणालीचा होताच, पण मूळ दुखणे त्याआधीचे होते. जिल्हा बँक गावच्या विकास सोसायटीला कर्ज देते, सोसायटी सभासदाला. सभासदाची नोंद ठेवतो गटसचिव, आणि एकेका गटसचिवाकडे अनेकदा दोन-तीन सोसायट्या असतात. सातबाऱ्यावर ‘रामराव किसन’, सोसायटीच्या वहीत ‘रामा किसन’, आधारवर ‘रामराव किसनराव’. गावात सगळ्यांना ठाऊक असते की माणूस एकच आहे. संगणकाच्या लेखी ते तिघे असतात.

त्यात बँकांना प्रत्येक खात्याची माहिती तब्बल ६६ रकान्यांत भरायला सांगितले गेले, तीही घाईत. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकणार नाही, असे असेल तर भरणारा काहीतरी भरतोच. शिवाय योजनेची मर्यादा होती कुटुंबाला दीड लाखाची, आणि बँकेकडे कुटुंब नावाची नोंदच नसते. तिच्याकडे असते ते खाते. जी माहिती कुणी कधी जमवलीच नव्हती, तिच्यावर पात्रता ठरवण्याचा हा प्रकार होता.

२०१९ मध्ये काय बदलले?

डिसेंबर २०१९ च्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जमुक्ती योजनेत कुटुंबाऐवजी व्यक्ती हा निकष आला. शेतकऱ्याने अर्ज करायचा नव्हता. खात्यांची माहिती बँकांनी द्यायची होती. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी आली ती फक्त ६८ गावांची, १५ हजारांवर खात्यांची. प्रत्येक जिल्ह्यातील दोन गावांत आधी चाचणी, मग विस्तार. यादी गावात लागली आणि शेतकऱ्याने स्वतःच्या कर्जाची रक्कम पाहून, मान्य असेल तरच आधार प्रमाणीकरण करायचे, अशी सोय झाली. रक्कम अमान्य असेल तर प्रकरण जिल्हा समितीकडे. ज्याचे खाते त्यालाच पैसे जमा होण्याआधी चूक दाखवण्याची संधी मिळाली, हा यातला खरा बदल. (बोटांचे ठसे न उमटणाऱ्या वृद्धांचे हाल झाले, हेही खरे.)

आता ‘अ‍ॅग्रिस्टॅक’ पुरेसे नाही का?

एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. त्यामुळे नावांचा घोळ कमी होईल. पण हा क्रमांक जमिनीच्या नोंदीवर उभा आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली नसेल तर मृत वडिलांच्या नावावरची जमीन कसणारा मुलगा त्यात दिसत नाही. थकीत मुद्दल किती, व्याज किती, पुनर्गठन कधी झाले, हे तर सोसायटीच्या वहीतच राहते. त्या वह्या बँकेच्या खात्यांशी जुळवण्याचे काम घोषणेनंतर काढले तर तीच घाई पुन्हा होईल. सोसायटीनिहाय याद्या आताच चावडीवर लावून हरकती मागवणे शक्य आहे; त्यासाठी निकष ठरण्याची वाट पाहावी लागत नाही. चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी गटसचिवाची, बँकेच्या शाखेची की सहायक निबंधकांची, एवढे मात्र आधी लेखी ठरवावे लागेल.