हरल्यानंतरचा पहिला शब्द

आमच्या शाळेतले खेळाचे शिक्षक निवृत्त झाले आणि त्यांची जागा काही भरली गेली नाही. मुख्याध्यापकांनी मुलींचा खो-खोचा संघ आमच्याकडे सोपवला. आम्ही भाषा शिकवणारे. खो-खो लहानपणी खेळलो होतो, तेवढीच काय ती पात्रता. नियमांचे पुस्तक आणले, मैदानावर चुन्याच्या रेघा मारून घेतल्या आणि रोज शाळा सुटल्यावर तासभर सराव सुरू केला.

खो-खो बहुतेकांनी खेळलेला असतो, तरी थोडे सांगतो. संघात १२ खेळाडू, त्यातल्या ९ मैदानात. आठ जणी मधल्या पाटीवरच्या चौकोनांत एकीआड एक उलट दिशेला तोंड करून बसतात आणि नववी पाठलाग करते. जिच्याकडे पाठलाग आहे तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा मध्येच बदलताही येत नाही. म्हणून पळणारी पलीकडे गेली की बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचे आणि तिच्या जागी आपण बसायचे. खो मिळण्याआधी बसलेलीने उठायचे नाही. उठली तर फाऊल, आणि पळणारीला सुटायला मोकळीक मिळते.

आम्ही हरलो ते याच नियमावर.

तालुक्याच्या स्पर्धेत १४ वर्षांखालील मुलींचा सामना होता. शेवटची काही सेकंदे उरली होती. एक गडी बाद झाला असता तर बरोबरी होती. आमची कर्णधार पळणारीच्या अगदी मागे होती. तेवढ्यात आठवीतली एक मुलगी खो मिळण्याआधीच उठली. पंचांची शिट्टी वाजली, पळणारी निसटली आणि वेळ संपली. एका गुणाने हरलो.

मुली मैदानाबाहेर आल्या आणि आमच्या तोंडून जे निघाले ते आजही आठवले की शरम वाटते. "महिनाभर हेच शिकवलं ना? तुझ्या एकटीमुळे हरलो!" दोन्ही संघ, इतर शाळांचे शिक्षक, काही पालक, सगळ्यांसमोर. मुलगी काही बोलली नाही. ओढणीच्या टोकाने डोळे पुसत गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वर्गात यायची, पण आमच्याकडे बघायची नाही. चौथ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. वाटेत मनाशी उत्तरे जुळवत होतो. वडील म्हणतील, मुलींना कशाला हवा खेळ? मग आपण सांगू की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या आणि पुढे पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित (स.) जिंकले. ही हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे.

ती हदीस सांगायची वेळच आली नाही. वडिलांनी चहा पुढे केला आणि शांतपणे म्हणाले, "खेळाला आमची ना नाही. पण चारचौघांत पोरीला असं बोललेलं चालत नाही. चूक झाली असेल, पण तिने काही मुद्दाम केलं नव्हतं." आई दाराशी उभी होती. ती एवढेच म्हणाली, "टीचर, दोन दिवस नीट जेवली नाही ती."

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही मुलीला बोलावून तिची माफी मागितली. ती आणखीच संकोचली. उद्या ये, एवढे सांगून निघालो.

त्या रात्री इशाच्या नमाजनंतर सूरह आले इमरान उघडली. उहुदच्या लढाईवरचा भाग आम्ही अनेकदा वाचला होता, वर्गात शिकवलाही होता. त्या दिवशी तो जणू आमच्यासाठीच होता. कुठे तो प्रसंग आणि कुठे आमचा खेळ, तुलना होऊच शकत नाही. पण धडा घ्यायला मनाई नाही.

हिजरी ३, म्हणजे इ. स. ६२५. प्रेषितांनी (स.) ५० तिरंदाज हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्या हाताखाली टेकडीवर बसवले होते. आम्ही जिंकलो वा हरलो तरी जागा सोडू नका, अशी स्पष्ट ताकीद होती. विजय दिसू लागताच बहुतेक जण खाली उतरले. शत्रूचे घोडदळ मागून आले आणि लढाई फिरली. सुमारे ७० सहाबा शहीद झाले. त्यात प्रेषितांचे (स.) चुलते हजरत हमजा (रजि.) होते. स्वतः प्रेषित (स.) जखमी झाले. जागा सोडण्याची चूक इतकी महाग पडली होती.

यानंतर कुरआनने काय शिकवले? १५९ व्या आयतीचा आशय असा आहे: अल्लाहच्या कृपेने तुम्ही यांच्याशी मृदू वागलात. तुम्ही कठोर असता तर हे लोक तुमच्याभोवतून पांगले असते. तेव्हा त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी क्षमेची दुआ करा आणि कामकाजात त्यांच्याशी मशवरा करा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मदीनेत राहून लढावे असा प्रेषितांचा (स.) स्वतःचा कल होता. बाहेर पडण्याचा आग्रह अनेक सहाबांचा, विशेषतः तरुणांचा होता. नुकसान झाल्यावर 'यापुढे कुणाला विचारायचे नाही' असे कुणालाही वाटले असते. पण हुकूम आला तो पुन्हा मशवरा करण्याचा. आणि क्रम पाहा, माफी आधी आणि मशवरा नंतर. इतकी वर्षे वाचूनही हा क्रम आमच्या लक्षात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. सराव न घेता आम्ही सगळ्यांना झाडाखाली गोल बसवले. आधी सांगितले की त्या दिवशी आमचे चुकले. मग विचारले, "नक्की काय झालं होतं, मला समजून घ्यायचंय. कुणाला रागावणार नाही."

बराच वेळ कुणी बोलेना. मग कर्णधार मान खाली घालून म्हणाली, "टीचर, चूक माझी होती. मी आधी ओरडले, हात नंतर लागला. ती माझ्या आवाजावर उठली."

आम्ही थक्क झालो. आठवडाभर ही गोष्ट तिने मनात ठेवली होती. का सांगितली नाही, हे विचारायची गरज नव्हती. एकीला काय ऐकावे लागले ते तिने पाहिले होते. दुसरी म्हणाली, "सरावात उशिरा उठलं की तुम्ही रागावता, म्हणून आम्ही आधीच उठायला बघतो." म्हणजे त्या फाऊलमध्ये थोडा वाटा आमचाही होता.

मग उपायही मुलींनीच काढला. एरवी आमचा सराव शांत मैदानावर व्हायचा. सामन्यात गलका असतो. म्हणून सातवीच्या मुलींना कडेला उभे करून आरडाओरडा करायला लावायचा आणि पाठीवर हात लागल्याशिवाय हलायचेच नाही. दोन आठवड्यांत फरक दिसला.

पुढच्या वर्षी पहिली फेरी जिंकलो, दुसऱ्या फेरीत हरलो. त्या दुसऱ्या सामन्यात एका नव्या मुलीने अगदी तसाच फाऊल केला. आमचे तोंड उघडणार, तेवढ्यात बाजूच्या चौकोनातून आवाज आला, "होतं असं. पुढचा खो बघ." गेल्या वर्षी डोळे पुसत गाडीत बसलेली मुलगी ती हीच.

आम्ही मैदानाची गोष्ट सांगितली, पण असे सामने प्रत्येक घरात होतात. निकालाच्या दिवशी मूल कमी गुणांचा कागद घेऊन येते. दुकानावर बसवलेला मुलगा उधारीत पैसे अडकवून बसतो. नव्या सुनेच्या हातून पाहुण्यांपुढे सालन खारट होते. घरातला मोठा माणूस त्या क्षणी पहिला शब्द कोणता बोलतो, यावर पुढचे बरेच ठरते. सगळ्यांसमोर रागावलो तर मूल चूक करायचे थांबत नाही, ती सांगायचे मात्र थांबते. मग गुणपत्रिका दप्तरात लपते, उधारीची वही गादीखाली जाते.

शिस्त नको असे आम्ही म्हणत नाही. चूक दाखवलीच पाहिजे, पण एकांतात, राग उतरल्यावर आणि आधी त्याचे ऐकून घेतल्यावर. आम्हाला आजही राग येतो, सवय एका दिवसात जात नाही. पण शिट्टी वाजली की आम्ही आता आधी पाण्याची बाटली पुढे करतो. बोलणे नंतर, झाडाखाली बसून.