भूमिका लहान कीं मोठी?

दरवर्षीं स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, कीं शिक्षकांच्या खोलीपाशीं दोन प्रकारच्या तक्रारी येऊं लागतात. पहिली विद्यार्थ्यांची: "गुरुजी, मला राजाचें काम द्या, द्वारपाळाचें नको." दुसरी पालकांची: "गुरुजी, आमच्या मुलास नाटकांत घेऊं नका. नाद लागेल आणि अभ्यास बुडेल." यंदा खालापूर तालुक्यांतील एका मुलाच्या बाबतींत या दोन्ही तक्रारी एकदमच आल्या. त्यास वृद्ध शेतकऱ्याचें, अवघ्या चार वाक्यांचें काम मिळालें म्हणून तो रुसला. आणि त्यास मुळांत काम मिळालेंच कां, म्हणून त्याचे वडील रागावले. दोघांचीही समजूत घालण्याचा मीं यत्न केला, परंतु तो त्या दिवशीं साधला नाहीं. तेव्हां जें नीट बोलतां आलें नाहीं, तें येथें लिहीत आहें.

वडिलांच्या भीतीस मी हसत नाहीं. माझ्या लहानपणीं आमच्या ख्रिस्ती घरींही नाटकाकडे चांगल्या दृष्टीनें पाहत नसत. आणि इतर समाजांतही "नाटक्या" हा शब्द बहुमानानें उच्चारला जात असे, असें नाहीं. परंतु पुढें एका नटाचें चरित्र माझ्या वाचनांत आलें आणि माझें मत पालटलें. तो नट म्हणजे संगीतसूर्य केशवराव भोसले.

केशवरावांचा जन्म कोल्हापूर येथें ९ ऑगस्ट १८९० रोजीं झाला. पितृछत्र लहानपणींच हरपलें, घरीं दारिद्र्य. म्हणून ज्या वयांत आपलीं मुलें पाटी-दप्तर घेऊन शाळेंत जातात, त्या वयांत ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत दाखल झाले. त्या काळीं स्त्रियांचीं कामें पुरुषच करीत. गोविंद बल्लाळ देवल यांचें 'शारदा' नाटक १८९९ सालीं रंगभूमीवर आलें होतें. पंच्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधल्या जाणाऱ्या मुलीची ती कथा. तीमधील शारदेचें काम करून छोट्या केशवानें लोकांचीं मनें जिंकलीं. विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर विचार करावा. एका मुलानें परक्या मुलीचें दुःख आपलें मानावयाचें, आणि तें इतक्या सचोटीनें कीं समोर बसलेल्या बापांस आपल्या घरांतील मुलीची आठवण व्हावी! आपण मुलगा आहों, गरीब आहों, दमलों आहों, हें सारें रंगमंचाबाहेर ठेवल्यावांचून असें काम होत नाहीं. स्वतःस विसरून दुसऱ्याच्या जागीं उभें राहणें, ही नटाची पहिली विद्या होय.

१ जानेवारी १९०८ रोजीं हुबळी येथें केशवरावांनीं 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली, तेव्हां त्यांस अठरावें वर्ष चालूं होतें. गाण्यावर लोक लुब्ध असतांनाही त्यांनीं रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या गवयापाशीं शिक्षण घेतलें. वाहवा मिळूं लागल्यावरही जो शिकत राहतो, तोच कलावंत. त्यांच्या मंडळीनें मामा वरेरकरांचें 'हाच मुलाचा बाप' हें हुंड्याच्या रूढीवरील नाटक रंगभूमीवर आणलें. केवळ करमणुकीवर पैसा मिळत असतां समाजाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवण्यास धैर्य लागतें.

परंतु मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ८ जुलै १९२१ चा प्रसंग. त्या काळीं केशवराव आणि बालगंधर्व हे दोघे महाराष्ट्राच्या रंगभूमीचे दोन मानबिंदू. दोघांच्या मंडळ्या निराळ्या, दोघांचे चाहते एकमेकांशीं वाद घालणारे. टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईंत ते दोघे खाडिलकरांच्या एकाच नाटकांत उभे राहिले. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर झाले. त्या नाटकाचें नांव 'मानापमान'; आणि स्वतःचा मानापमान बाजूस ठेवल्याखेरीज तो संयुक्त प्रयोग होणें शक्यच नव्हतें! कोणाची भूमिका मोठी, टाळ्या कोणास अधिक, हे प्रश्न त्या रात्रीं कार्याहून लहान ठरले. त्यानंतर तीन महिने होतात न होतात तोंच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं केशवराव निवर्तले. त्यांची मंडळी मात्र बापूराव पेंढारकरांनीं पुढें चालविली.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. केशवरावांचें बालपण कोणाच्याही मुलाच्या वांट्यास यावें, असें मी म्हणत नाहीं. त्यांस परिस्थितीनें शाळा नाकारली. आपल्या मुलांस शाळाही आहे आणि शाळेंतच रंगमंचही आहे. जें त्यांस सर्वस्व देऊन मिळालें, तें आपणांस महिनाभराच्या तालमींत थोडें तरी मिळतें. आणि तेंच आपण नाकारावें काय? पालकांनीं अभ्यासाची अट अवश्य घालावी. दारच बंद करूं नये. ज्या नटाच्या धंद्यास लोक एके काळीं नांवें ठेवीत, त्याच नटाच्या नांवाचें कोल्हापूरचें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, त्याच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, आगींत जळालें, तेव्हां सारें शहर हळहळलें. मान धंद्यामुळें मिळत नाहीं. तो धंदा कोणत्या वृत्तीनें केला, त्यामुळें मिळतो.

विद्यार्थ्यांस सांगावयाचें तें आपल्या कर्जत स्टेशनवरच दिसतें. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीस बोरघाट चढावयाचा असला, म्हणजे तिच्या मागें आणखी इंजिनें जोडतात. पुढच्या इंजिनाकडे सर्वांचें लक्ष. मागचीं घाटभर रेटा देतात आणि काम संपतांच निमूटपणें सुटून परततात. तीं नसतीं, तर गाडी घाट चढती ना. चार वाक्यांच्या भूमिकेचें मोल याहून निराळें नाहीं.

तो रुसलेला मुलगा परवां आपण होऊन तालमीस आला. म्हातारा खालीं कसा बसतो, हें पाहण्यासाठीं तो दोन दिवस आजोबांच्या मागें मागें फिरत होता. "गुरुजी," तो म्हणाला, "आजोबा आधीं काठी जमिनीवर ठेवतात, मग एक हात गुडघ्यावर टेकतात. त्यांचे गुडघे दुखतात, हें मला ठाऊकच नव्हतें." त्याच्या वडिलांचा होकार अद्याप यावयाचा आहे. मुलाचें हें एक वाक्य मीं त्यांच्या कानीं घातलें आहे. माझ्या सगळ्या लेखाहून तें अधिक सांगेल, असा मला भरंवसा वाटतो.