‘सॅच्युरेशन शंभर आहे ना?’

“पाच मिनिटांचं तर काम आहे, मॅडम!” हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. मी भूलतज्ज्ञ आहे. पाच मिनिटं सर्जनची असतात. त्या पाच मिनिटांतला बाळाचा प्रत्येक श्वास माझ्या हातात असतो.

गेल्या पावसाळ्यात एका रुग्णालयात हर्नियासाठी सात किलोचं बाळ आलं होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊन पाहते तर श्वास देणाऱ्या सर्किटला मोठ्या माणसांचा फिल्टर, आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ कित्येक महिने बंद. किलोला ६ ते ८ मिली धरले तर या बाळाचा एक श्वास ५० मिलीच्या आसपास. तेवढी हवा त्या फिल्टरच्या पोकळीतच अडकून पडली असती. बाळाने स्वतःचाच उच्छ्वास परत आत घ्यायचा आणि अंगात कार्बन डायऑक्साइड साठवत राहायचं! हे सांगितल्यावर उत्तर मिळालं, “शंभर टक्के ऑक्सिजन देऊ की. सॅच्युरेशन शंभर राहतं ना?”

राहतं, आणि तिथेच घात होतो. सॅच्युरेशन रक्तातला ऑक्सिजन सांगतं. कार्बन डायऑक्साइडबद्दल ते मुकं असतं. शिवाय निव्वळ ऑक्सिजन फुफ्फुसातून झपाट्याने शोषला जातो आणि वायुकोश मिटतात. तान्ह्या मुलाला किलोमागे मोठ्यांच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन लागतो. छातीचा पिंजरा मऊ असतो. भूल चढली की फुफ्फुसात उरणारी हवा आणखी घटते. म्हणून श्वास थांबला की काही सेकंदांतच बाळ निळं पडू लागतं. वायुकोश उघडे ठेवायला ५ सेंमी पाण्याच्या आसपास पीप, म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटीही फुफ्फुसात टिकवलेला दाब, लागतो. पण पीप लावायची आठवण कुणाला असते? मास्कवर जोरजोरात बॅग दाबतात, हवा पोटात जाते, पोट फुगून छाती आणि पोटामधला पडदा वर सरकतो, आणि मग म्हणतात, “बाळ साथ देत नाही.”

“माझ्या हाताला फुफ्फुस कळतं,” असं सांगणारे ज्येष्ठ मला भेटतात. त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे. भूलतज्ज्ञ जॅक्सन रीस यांनी १९५० मध्ये एअर यांच्या टी-पीसला, म्हणजे श्वास देण्याच्या टी आकाराच्या नळीला, बॅग जोडली, ती मीही रोज वापरते. पण हाताला ताठरपणा कळतो, मिलीलिटर कळत नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या पाहणीत ३३ देशांतल्या २६१ रुग्णालयांत भुलीच्या सुमारे ५ टक्के प्रसंगी मुलांवर गंभीर संकट ओढवलं होतं, आणि त्यात श्वासाची संकटं सर्वाधिक होती. तिथे ही गत, तर आपण कशाच्या भरवशावर निर्धास्त आहोत?

त्या दिवशी मी केस थांबवली. मुलांचा फिल्टर आणि चालू कॅप्नोग्राफ यायला दीड तास लागला. उपाशी बाळ आईच्या कडेवर रडत होतं. तिच्या नजरेला नजर देताना माझा जीव तुटत होता. तरीही पुन्हा थांबवीन. काही शे रुपयांचा फिल्टर ज्यांना आणून ठेवता येत नाही, त्यांनी लहान मुलाला टेबलावर घेऊच नये.