येशूचे मूळ, चर्चचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु ज्या येशूच्या नावाने गेली दोनशे वर्षे महाराष्ट्रात धर्मांतराचे कार्य चालत आले आहे, त्याचे मूळ शोधणे अगत्याचे आहे. येशू ज्यू होता. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, शनिवारी तो सभास्थानात जाई, वल्हांडणाच्या सणाला जेरुसलेमची वाट धरी. त्याचे बाराही शिष्य ज्यू होते. आपण पूर्वजांचा धर्म सोडला, असे त्याने कधी म्हटल्याचे शुभवर्तमानांत आढळत नाही.

त्याच्या अनुयायांपुढे पहिला मोठा पेच उभा राहिला तो नेमका मुळांचाच. ज्यू नसलेल्या माणसाने येशूला मानले, तर त्याने सुंता करून घ्यावी काय, मोशेचे नियमशास्त्र पाळावे काय? इसवी सन ४९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये यावर खल झाला. पेत्र, याकोब आणि पौल ही सारी मंडळी तेथे होती. सुंतेची सक्ती नको, असे ठरले. ज्याने त्याने आपापल्या कुळासह यावे, असा या निर्णयाचा सरळ अर्थ होता आणि तो उदार होता, हे मान्य केले पाहिजे.

पुढे घडले ते मात्र याच्या नेमके उलट. जो नियम परक्यांना मोकळीक देण्यासाठी केला गेला, तोच घरच्यांवर उलटला. येशूला मानणाऱ्या ज्यूने आता ज्यू राहता कामा नये, असा दंडक हळूहळू रूढ झाला. ३२५ साली नायसियाच्या परिषदेत ईस्टरचा दिवस ज्यूंच्या पंचांगापासून तोडण्यात आला. त्याच शतकात लावदिकीया येथील धर्मसभेने ख्रिस्ती माणसाने शनिवारी विश्रांती घेणे निषिद्ध ठरविले. खुद्द येशू जो वार पाळीत होता, तो पाळणे हा त्याच्या भक्ताचा अपराध ठरला! आणि ‘देव एकच’ हे ज्यूंचे रोजचे पठण. त्रैक्याचा सिद्धांत त्याच्याशी कसा जुळवावा, या प्रश्नाने येशूभक्त ज्यू आजही अस्वस्थ होतो.

हा इतिहास कुणा दूरदेशीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्याची झळ आपल्या परिसराला लागलेली आहे. बीड ज्या निजामशाहीत मोडत होते, त्या अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य ये-जा करीत असे. आपल्याकडील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. हा ऑर्ता बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती होता. परंतु त्याचे आईवडील सक्तीने ख्रिस्ती केलेले ज्यू. तो १५६८ साली वारला. लगोलग १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्याच्या इन्क्विझिशनने गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले. १५८० साली ऑर्ताच्या अस्थी उकरून काढून त्याही जाळल्या. माणूस मरून बारा वर्षे झाली, तरी त्याचे मूळ चर्चला खुपत होते.

त्याच गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. आपल्या अंबाजोगाईच्या मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’त जी ओवी रुळविली, तीच ओवी स्टीफन्स यांनी उचलली. मराठीवरील त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण या ग्रंथाचे दोन भाग आहेत आणि त्यांतील ‘पहिले पुराण’ म्हणजे ज्यूंच्याच धर्मग्रंथांतील कथा. आपली पुराणे ज्यांच्या हातून काढून घेतली, त्या नवख्रिस्ती गोवेकरांना बदल्यात ज्यूंचे पुराण दिले गेले. आणि ज्यूंचे आचार पाळल्याच्या संशयावरून त्याच भूमीत माणसे जाळली जात होती. या विसंगतीवर आमच्या विद्यापीठीय पंडितांनी फारसे लिहिलेले दिसत नाही.

आता कोकणात येऊ. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत समजूत आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागला. ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली, धर्मगुरू उरला नाही. उरले काय? शनिवारची सुटी, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, ‘शेमा’ ही एक प्रार्थना आणि एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने केला जाणारा गोड पोह्यांचा मलिदा. सणांची नावेही मराठीच: नव्याचा सण, खिरीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दुखवटा त्यांच्या घरात वालाच्या बिरड्यावर पाळला जाई आणि तो ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जाई. किहीमकर, दिवेकर, राजपूरकर अशी आडनावे गावावरून आली. शतकानुशतके त्यांना कोणी शनिवारी घाणा चालवायला लावला नाही. हिंदू समाजाने त्यांना काय दिले, असे विचारणाऱ्यांनी एवढे एक उत्तर ध्यानात ठेवावे.

१८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. १८२९ मध्ये स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन आले. त्यांना वाटले, पीक कापणीला आले आहे. ज्यांना मूळ ग्रंथच ठाऊक नाही, त्यांना तो शिकविला म्हणजे ते आपोआप येशूपर्यंत पोहोचतील. विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण तयार केले, शाळांतून बेने इस्राएल मुले भरली, मराठी बायबल घरोघर गेले. परिणाम काय झाला? मुले हिब्रू शिकली आणि अधिक पक्की ज्यू झाली. मिशनच्याच शाळेत शिकलेल्या जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी ज्यूंच्या प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. हायीम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ साली समाजाची स्वतःची शाळा काढली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात या मंडळींनी कीर्तन उचलले. टाळ-मृदंगाच्या साथीने, अभंग-साकीच्या चालींवर मोशेचे आणि योसेफाचे आख्यान रंगू लागले. रूप मराठी आणि गाभा ज्यू. ख्रिस्ती झाले ते बोटांवर मोजण्याइतके. मिशनऱ्यांनी दिलेली विद्या त्यांनी कृतज्ञतेने घेतली आणि मूळ सोडण्यास तितक्याच नम्रपणे नकार दिला.

याची दुसरी बाजू १९६२ साली दिसली. त्या वर्षी इस्रायलमध्ये दोन प्रकरणे गाजली. धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. आपल्या मराठी ज्यूंना तो अपमान वाटला. त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली आणि १९६४ साली तेथील संसदेने त्यांच्या बाजूने कौल दिला. दुसरे प्रकरण ब्रदर डॅनियल यांचे. पोलंडमध्ये जन्मलेल्या या ज्यूने नाझींच्या तावडीतून शेकडो ज्यूंना निसटण्यास मदत केली होती. युद्धकाळात ते कॅथलिक झाले, पुढे मठवासी झाले आणि ‘मी धर्माने ख्रिस्ती असलो तरी राष्ट्राने ज्यूच आहे’ असा दावा करीत इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांच्या शौर्याचा गौरव केला, पण ज्यू म्हणून नागरिकत्वाचा हक्क नाकारला. ते पुढे इतर परदेशीयांप्रमाणे रीतसर अर्ज करून नागरिक झाले आणि हैफा येथे राहिले. १९७० साली कायद्यातच स्पष्ट केले गेले की, अन्य धर्म स्वीकारलेला ज्यू यात मोडत नाही. येशूला मसीहा मानूनही आपण ज्यूच आहोत, असे म्हणणाऱ्या गटांना १९८९ मध्ये न्यायालयाने तेच उत्तर दिले. ब्रदर डॅनियल यांच्या व्यथेविषयी आपल्याला सहानुभूती वाटावी, असाच तो मनुष्य होता. पण ही कोंडी त्यांच्या समाजाने निर्माण केलेली नाही. ‘येशूला मानायचे तर आमच्यात ये आणि तुझे सोड’ हा शिरस्ता ज्यांनी सोळा शतकांपूर्वी घातला, कोंडी त्यांची आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला हीच कोंडी आली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना आणि त्यावरून वडीलधाऱ्या धर्मभगिनींशी त्यांचा पत्रांतून वाद झाला. त्या शाकाहारीच राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या शेजारच्या नगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मिशनमध्ये होते. त्यांनी येशूची भक्ती अभंगात गायिली, ज्ञानोबा-तुकोबांचे ऋण मोकळेपणाने मानले आणि अखेर १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही त्यात जागा होती. मिशनच्या चौकटीत वीसहून अधिक वर्षे काढल्यावर या मनस्वी कवीला हे करावेसे वाटले. त्याची कारणे मिशनच्या अहवालांपेक्षा लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त अधिक प्रामाणिकपणे उमगतात.

मात्र रमाबाई आणि टिळक हे अपवाद होते. नगरकडे १८७६-७७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत जी कुटुंबे ख्रिस्ती झाली, ती बहुतांशी महार-मांग समाजातील होती आणि त्यांना त्रैक्याशी कर्तव्य नव्हते. आष्टी-पाटोद्याच्या वेशीपलीकडची ती माणसे आपलीच होती. ज्यांना आपण पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांनी मुळे जपावीत असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? बाळासाहेब देवरसांचे १९७४ चे पुण्यातील व्याख्यान आपल्या शाखांतून पुनःपुन्हा वाचले जावे, ते याचसाठी. डॉ. आंबेडकरांनी धर्म बदलतानाही या भूमीतलाच धम्म निवडला, यातील विचार आमच्या कार्यकर्त्यांनी अद्याप पुरता पचविलेला नाही. गावातील ख्रिस्ती घराकडे परकीय म्हणून पाहणाऱ्या कार्यकर्त्याने हेही आठवावे की, त्या घरातील आजीची ओवी आणि आपल्या आजीची ओवी एकाच जात्यावरची आहे.

तरीही चर्चला विचारावयाचा प्रश्न उरतोच. दुसऱ्या महायुद्धातील ज्यूसंहारानंतर व्हॅटिकनला आत्मपरीक्षण करावे लागले. १९६५ च्या घोषणेने येशूच्या मृत्यूचा दोष सबंध ज्यू समाजाच्या माथी मारणे अमान्य केले. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॅटिकनच्या ज्यूसंबंधविषयक आयोगाने आणखी पुढचे पाऊल टाकले: कॅथलिक चर्च ज्यूंना उद्देशून कोणतेही संस्थात्मक मिशनकार्य चालवीत नाही व त्यास पाठिंबाही देत नाही. व्यक्तिशः साक्ष द्यावी, पण नम्रतेने, असे तेथे म्हटले आहे. आता याशेजारी नोव्हेंबर १९९९ ठेवा. ऐन दिवाळीत पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीत आले आणि तिसऱ्या सहस्रकात आशिया खंडात श्रद्धेचे मोठे पीक काढण्याचा संकल्प त्यांनी आपल्याच भूमीवरून जाहीर केला. ज्यूंचा देवाशी झालेला करार रद्द होत नाही, म्हणून त्यांच्यावर मिशन नाही. मग हिंदूंचे ईश्वराशी असलेले नाते कोणी, कधी रद्द केले?

कायद्याचे म्हणाल तर १९७७ हे वर्ष लक्षणीय आहे. जानेवारीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात निर्णय दिला की, धर्मप्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस इस्रायलच्या संसदेने आर्थिक आमिष दाखवून धर्मांतर करणे हा गुन्हा ठरविला. इस्रायलचा तो कायदा ही छळ सोसलेल्या समाजाची सावधगिरी मानली जाते आणि आपल्या राज्यांतील तशाच कायद्यांना मात्र असहिष्णुतेचे लेबल लावले जाते.

बेने इस्राएलांपैकी बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्रायलला गेली. तेथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले, मलिद्याचे ताट अजून भरले जाते. व्हॅटिकनने ज्यूंसाठी २०१५ साली लिहिलेले ते कलम या कुटुंबांना लागू आहे. त्यांच्याशेजारी शतकानुशतके राहिलेल्या, त्यांच्या शनिवारी घाण्याचा आवाज होऊ नये हे समजून घेतलेल्या अलिबागच्या हिंदू कुटुंबांना ते का लागू नाही, याचे उत्तर मुंबईच्या आर्चबिशप कार्यालयाने द्यावे, आणि ते मराठीत द्यावे.